सायकलच्या लांब पल्ल्यासाठी एनर्जी जेल: घशाखाली उतरणारं आणि खिशाला झेपणारं कुठलं?

चढणघाबरा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

दोन वर्षं सायकल चालवतोय. रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळे आणि परत, हे रविवारचं ठरलेलं. पन्नासेक किलोमीटर होतात. तेवढ्याला एक केळं आणि गणपतीपुळ्याचे पोहे पुरतात. आता मात्र आम्ही तिघांनी एक खूळ डोक्यात घेतलंय. जानेवारीत पहाटे रत्नागिरीहून निघायचं आणि पावस, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण करत दिवस मावळता मावळता वेंगुर्ल्याला टेकायचं. दोनशेच्या आसपास भरतील. तो रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको: खाडी आली की खाली, खाडी ओलांडली की परत वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. दिवसभर तेच.

सरावाला म्हणून मागच्या महिन्यात १२० करायला निघालो आणि ऐंशीव्या किलोमीटरला माझा दिवा विझला. पाय दुखत नव्हते, धापही नव्हती, फक्त हलायची इच्छा संपली. एका गडग्यावर जाऊन बसलो आणि समोरच्या कलमांकडे बघत राहिलो. सोबत्याने खिशातून जेल, म्हणजे पाकिटातला तो घट्ट गोड पाक, काढून दिलं, चॉकलेटच्या चवीचं. भर दुपार, जेल खिशात राहून कोमट झालेलं. ते टाळूला जे चिकटलं ते पाण्यानेही निघेना. कसंबसं गिळलं, आणि अर्ध्या तासाने जसंच्या तसं परत आलं.

जेलांची जाहिरात सगळीकडे आहे, पण चवीबद्दल खरं कोणी सांगत नाही. आणि हिशोब बघा. पाकिटात साधारण २५ ग्रॅम कार्ब (कर्बोदकं). तासाला ६० ग्रॅम घ्या म्हणतात. सायकलवर नऊ तास धरले तर बावीस पाकिटं झाली. मला मिळालं ते १२० रुपयांना एक. म्हणजे एका दिवसाचे २६४० रुपये, तेही ओकण्यासाठी. एवढ्यात तिघांचं सुरमई थाळीचं जेवण होऊन वर बायकोला साडी नाही तरी रुमाल येईल.

तुम्ही काय घेता? काय पोटात टिकतं? घरी काही करता येतं का?

पंक्चरशास्त्री

जेलची हवा सगळ्यांना मानवत नाही. जामिनासाठी केळं ठेवा.

नाखवा_७२

आम्ही ७५ च्या सुमारास चिपळूणहून गुहागरला सायकलने जायचो. लोखंडी सायकल, मागे कॅरिअरला शेंगदाण्याचं पोतं. गिअर म्हणजे काय ते माहीत नव्हतं. खिशात गूळ-शेंगदाणे, वाटेत विहिरीचं पाणी. कोणाचा दिवा विझला नाही. आजकाल सायकल आठ किलोची आणि खिशातलं सामान दहा किलोचं.

पंक्चरशास्त्री

काका, मागे शेंगदाण्याचं अख्खं पोतं होतं म्हणता, मग दिवा कसा विझेल?

शिंपला

चढणघाबरा, तुमच्या गडग्याचा प्रसंग वाचून मला माझा पूर्णगडच्या अलीकडचा चढ आठवला. मी गेली चार वर्षं जेल घेते. आत्तापर्यंत दहा-बारा प्रकार चाखून झालेत, तेव्हा चवीपुरतं अधिकाराने बोलते.

पहिली गोष्ट, आपल्या हवेत चॉकलेट, व्हॅनिला, कॉफी, कॅरॅमल हे सगळं बाद. थंड देशात बरं लागत असेल. इथे सकाळी दहानंतर अंगावरचा घाम वाळत नाही, तोंडात आधीच चिकट चव असते, त्यात ते लोणी फासल्यासारखं बसतं. लिंबू, संत्रं, कैरी, जे काही आंबट असेल ते चालतं. मीठ जास्त असेल तर उत्तम. तीन तासांनंतर माझ्या जिभेला गोड हा शब्दच नको होतो.

दुसरी गोष्ट दाटपणाची. काही जेलं अगदी घट्ट असतात. एसआयएस कंपनीचं आयसोटॉनिक घ्या, ६० मिलीचं पाकीट आणि त्यात २२ ग्रॅम कार्ब, म्हणजे जवळजवळ पातळ सरबतच. पाण्याशिवायही उतरतं. पण पाकीट मोठं, खिशात चारच मावतात. मॉर्टन कंपनीचं जेल चव नसलेलं आणि थरथरीत, आपल्या खरवसासारखं. ४० ग्रॅमच्या पाकिटात २५ ग्रॅम कार्ब. ते पोटाला फार शहाणं आहे, पण किंमत बघितल्यावर पोटात गोळा येतो. देशी कंपन्यांचीही आता बरी मिळतात. एक अमेरिकन जेलही आहे, ३२ ग्रॅमला १०० कॅलरी, फार जुनं आणि चांगलं. फक्त त्याचं नाव मराठीत लिहायची माझी तयारी नाही.

आणि एक कळकळीने सांगते, सवलतीत मिळतात म्हणून डबा मागवू नका. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून निम्म्या किमतीत चोवीस घेतली. आली तेव्हा मुदत संपायला नऊ दिवस होते. नऊ दिवसांत चोवीस जेलं खायची तर मला काश्मीरला जावं लागलं असतं.

पंक्चरशास्त्री

लिहा की ताई, घाबरता काय. गू एनर्जी. मी बायकोला म्हटलं, दोनशे रुपयांचा गू मागवलाय. तिने आईला फोन लावला.

शिंपला

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). म्हणूनच लिहिलं नव्हतं.

सड्यावरचो

मेल्यांनो, तुमका सायकल चलवूची हा की किराणा दुकान उघडूचा हा? आमचो आजो देवगडसून मालवणाक चलत जाय. कमरेक पंच्यात चणे नि गूळ. सड्यार तेका कोणी जेल देवक इलो नाय.

गोळीबंद

औषधांच्या दुकानात उभा असतो म्हणून थोडं आतलं सांगतो. डॉक्टर नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

स्नायू आणि यकृत मिळून शरीरात ४०० ते ५०० ग्रॅम साखर साठवलेली असते. नीट पायडल मारत राहिलात तर तीन-चार तासांत ती टाकी तळाला जाते. चरबी कितीही असली (आणि आहे) तरी तिच्यातून ऊर्जा सावकाश सुटते. चढणघाबरांचा दिवा ऐंशीव्या किलोमीटरला विझला तो यामुळे. नाखवाकाकांचा विझला नाही कारण चिपळूण-गुहागर ४५ किलोमीटरच्या आसपास आहे. त्याला गूळ-शेंगदाणे नसते तरी चाललं असतं. (काका, रागावू नका.)

आता ओकारीचं. आतड्याच्या भिंतीतून साखर रक्तात पोचवणारे वाहक असतात. ग्लुकोजचा वेगळा, फ्रुक्टोजचा वेगळा. जयगडची जेटी डोळ्यांसमोर आणा. मे महिन्यात कितीही गाड्या रांगेत लावा, तवसाळला जाणारी फेरीबोट घेणार तेवढ्याच घेणार. ग्लुकोजच्या बोटीत तासाला ६० ग्रॅमच्या आसपास मावतं. त्याच्यावर ओतलंत तर उरलेल्या गाड्या जेटीवर उभ्या, हॉर्न वाजवत. पोटातली ती रांग म्हणजे मळमळ, गुडगुड आणि पुढचं सगळं. जेलमध्ये जे माल्टोडेक्स्ट्रिन असतं ते मक्याच्या वगैरे स्टार्चपासून केलेलं, म्हणजे ग्लुकोजचीच साखळी. तीच जेटी. फ्रुक्टोजची बोट मात्र शेजारच्या धक्क्यावरून सुटते. म्हणून दोन्ही मिसळलेलं असेल तर सरावाने तासाला ९० ग्रॅमपर्यंत घेता येतं. पाकिटावर २:१ किंवा १:०.८ असं लिहिलेलं असतं ते हेच प्रमाण.

उन्हात आणखी एक होतं. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे धावतं, पायांना हवंच असतं, पोटाच्या वाट्याला उरतं किती? घट्ट जेल पोटात गेलं की ते पातळ करायला शरीर पाणी तिकडे ओढून घेतं. म्हणून घट्ट जेलवर दीडदोनशे मिली साधं पाणी पाहिजेच. जेलवर सरबत प्यायलात तर साखरेवर साखर.

चढणघाबरा

जेटीचं उदाहरण भारी. म्हणजे मी चॉकलेट जेलवर जे ग्लुकोजचं पाणी प्यायलो ते... असो.

मग नुसतं ओआरएस घेतलं तर? स्वस्तही आहे आणि गोडही फार नाही.

गोळीबंद

डब्ल्यूएचओच्या सूत्राच्या ओआरएसमध्ये लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं. ते मीठ-पाणी आत ओढून घ्यायला आहे, इंधन म्हणून नाही. ६० ग्रॅमसाठी तासाला साडेचार लिटर प्यावं लागेल. मग वेंगुर्ल्याला पोचाल, पण प्रत्येक झाडाला नमस्कार करत. मिठासाठी एखादी बाटली जरूर घ्या. शहाळंही चांगलं, पण त्यात पोटॅशियमच जास्त. घामातून जातं ते मुख्यतः सोडियम, ते शहाळं पुरेसं भरून देत नाही.

अनुस्वार

अवांतर: "जेल" हा शब्द सोडा की. बोटाने किंवा चमच्याने चाटून खायच्या घट्ट, गोड, औषधी पदार्थाला मराठीत चांगला शब्द आहे: चाटण. सुंठ-मधाचं चाटण आपण लहानपणी खाल्लंय. ऊर्जाचाटण म्हणा.

पंक्चरशास्त्री

"दादा, एक कैरीचं चाटण द्या, कॅफिनवालं." आवडलं. ठराव मंजूर.

आगळवेगळा

आता मी येतो, कारण आयडीतच माझं उत्तर आहे.

दुकानातली जेलं मी दोन वर्षं घेतली. एकदा पाठीमागचं लेबल वाचलं आणि स्वतःचाच राग आला. माल्टोडेक्स्ट्रिन, फ्रुक्टोज, पाणी, सायट्रिक आम्ल, मीठ, वास. आईच्या स्वयंपाकघरात यातलं माल्टोडेक्स्ट्रिन सोडून सगळं आहे. आपली साधी साखर म्हणजे तरी काय, अर्धं ग्लुकोज आणि अर्धं फ्रुक्टोज. १:१. त्या महागड्या १:०.८ च्या शेजारीच बसते की!

नुसती साखर घेतली तर गोडीने तोंड मिटतं. तिथे माल्टोडेक्स्ट्रिन कामाला येतं. ते जवळजवळ बेचव असतं, त्यामुळे कार्ब वाढतात आणि गोडी वाढत नाही. मला किलोला तीनशेने मिळालं. तर माझं चाटण असं:

साखर १०० ग्रॅम, पाणी ८० मिली, अर्ध्या लिंबाचा रस. मंद आचेवर पाच-सात मिनिटं. आई पाकात लिंबू पिळते ते पाक खडे धरू नये म्हणून, तेच इथे. आंबटाने आणि उष्णतेने साखर थोडी फुटते आणि बाटलीत दाणे धरत नाही. मी पहिल्यांदा लिंबू विसरलो होतो आणि पाणीही आटवून टाकलं होतं. तळाशी खडीसाखर झाली, पाचव्या तासाला बाटली दगडासारखी हलवत होतो. मग आच बंद करून ५० ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन थोडं थोडं टाकत घोटायचं. एकदम टाकलंत तर गुठळ्या, पिठल्याचा नियम. (१०० साखर आणि ५० माल्टो म्हणजे ग्लुकोज-फ्रुक्टोज बरोब्बर २:१ होतं, ताळा करून बघा.)

आणि थंड झाल्यावर एक मोठा चमचा कोकम आगळ. अमृत कोकम नव्हे, ते पुन्हा गोड. आगळ म्हणजे रातांब्याचा मीठ घातलेला रस. आंबटही आला, मीठही आलं, आणि रंग असा की लोक विचारतात वाईन पिताय का.

एवढ्यात १५० ग्रॅम कार्ब, म्हणजे दुकानातली सहा पाकिटं. खर्च पंचवीस रुपयांच्या आत. मऊ प्लास्टिकची दाबायची छोटी बाटली मिळते, तिच्यात भरायचं. दोन मोठे चमचे भरेल एवढा घोट घेतला की चोवीसेक ग्रॅम गेलं समजा. वर पाणी. रिकामी पाकिटं नाहीत, दाताने फाडणं नाही, आणि रस्त्याकडेला कचराही नाही. देवगडच्या सड्यावर मी स्वतः तीन फाटकी जेलपाकिटं उचलली आहेत, कातळावरची सोनकी बघायला गेलो होतो तेव्हा.

चढणघाबरा

दंडवत! वाखु (वाचनखूण) साठवली. आगळ घरात आहेच. साखरेच्या जागी काकवी घातली तर? कोल्हापूरच्या मामांकडून बाटली आलीय.

आगळवेगळा

चालेल, चव तर फारच छान. पण काकवीत साखर किती आणि पाणी किती हे बाटलीगणिक बदलतं, म्हणून तासाचा हिशोब चुकतो. आणि खाली पंक्चरशास्त्रीला विचारा काकवीचं काय होतं.

पंक्चरशास्त्री

सांगतोच. काकवी, लिंबू, पाणी. न उकळता. गुरुवारी केलं, रविवारी नेलं, मधले तीन दिवस बाटली गाडीच्या डॅशबोर्डवर. भाट्याच्या पुलावर झाकण उघडलं तर आधी फुस्स आणि मग थेट चेहऱ्यावर. वास ताडीचा. त्या घोटानंतर मला चढ दिसेनासे झाले हे खरं, पण पोटाने मात्र दिवसभर माफ केलं नाही. आदल्या रात्री करा, उकळा, फ्रिजमध्ये ठेवा.

आणखी एक. जर्सीच्या मागच्या खिशात थेंब सांडला तर विश्रांतीला आंब्याखाली बसू नका. मुंगळे पाठीवरून चालत येतात आणि सायकलच्या कपड्यांत त्यांना बाहेर पडायची वाट सापडत नाही.

हर्णैचा_वारा

सगळं वाचलं. माझं मत थोडं वेगळं आहे. मी ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरं करायचं लांब पल्ल्याचं सायकलिंग, करतो, २०० ला साडेतेरा तास, ३०० ला वीस तास मिळतात. एवढ्या वेळात नुसत्या चाटणावर कोणीही राहू शकत नाही, आणि राहू नये. पोट रिकामं आणि साखरेने भरलेलं, दोन्ही एकाच वेळी, ही फार वाईट अवस्था आहे. मला ती दाभोळच्या जेटीवर झाली होती. धोपाव्याला जायची फेरी नुकतीच सुटलेली, पुढची यायला वेळ, आणि माझ्या पोटात सात जेलं. जेटीवरच्या टपरीवर एकजण वाफाळती उसळ आणि पाव खात होता. ती उसळ बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही. एक प्लेट खाल्ली आणि माणूस झालो.

माझी पद्धत: पहिले पाच तास खरं अन्न. सकाळी गार हवेत पोट काहीही पचवतं. केळी, राजगिऱ्याचे लाडू, तूप-गुळाची पोळी सुरळी करून. गुळाची पोळी खिशात मोडत नाही, तिच्यात मीठही असतं. जेल शेवटच्या साठ-सत्तर किलोमीटरला, जेव्हा चावायचाही कंटाळा येतो. बावीस जेलांचा तुमचा हिशोब तिथेच पाच-सहावर येईल.

शिंपला

हर्णैकर, ब्रेव्हेची चाल वेगळी असते. साडेतेरा तासांत २०० म्हणजे थांबे धरून ताशी पंधराच्या आसपास, त्यात गप्पा मारत खाता येतं. हे तिघं नऊ तास म्हणतायत, ताशी बावीसच्या वर, तेही या रस्त्याला. त्या चालीला उसळ-पाव वर येईल. मला मिसळ खाऊन चढ चढल्याचा अनुभव आहे आणि त्याबद्दल मला इथे काही बोलायचं नाही.

हर्णैचा_वारा

मान्य. पण मग मला वाटतं त्यांनी नऊ तासांचाच विचार बदलावा. त्या रस्त्याला ताशी बावीस? पहिलीच वेळ? खाडीच्या उतारावर मिळवलेलं सगळं समोरच्या चढावर परत द्यावं लागतं. अकरा तास धरा. आणि खायचं ते सड्यावर, सपाटीला. खाली पुलावर चाटण घेऊन लगेच चढाला लागलात तर नाडी वर, पोट बंद. सड्यावर पोचलं, श्वास बसला, दोन मिनिटं गेली की घोट. घड्याळ लावा, भुकेची वाट पाहू नका. भूक लागली म्हणजे उशीर झाला.

मोरीचं_मटण

पूर्ण धाग्यात कोणी कॅफिनचं बोललं नाही. दुपारी अडीचला मला झोप येते, सायकलवरसुद्धा.

गोळीबंद

काही जेलांत असतं, साधारण २५ पासून १०० मिलिग्रॅमपर्यंत, पाकीट बघून घ्या. रिकाम्या पोटी, उन्हात, आधीच छाती धडधडत असताना पहिल्यांदाच १०० घेऊ नका. तुम्ही टपरीवर कटिंग घ्या. तेवढ्या वेळात ढुंगणालाही विश्रांती मिळते.

निळीसायकल

मला एक विचारायचंय. वय ५२, मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. पन्नास-साठ किलोमीटर करतो. हे चाटण मी घेऊ शकतो का? घरचे म्हणतात साखरेचं नावही काढू नको, पण एकदा तिसाव्या किलोमीटरला हात थरथरले होते.

गोळीबंद

हे धाग्यावर विचारून ठरवायचं नाही, तुमच्या डॉक्टरांना सायकलचं अंतर आणि वेळ सांगून विचारा. काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने व्यायामात साखर खरोखर खाली जाते, तुमचे हात थरथरले ते त्यातलं असू शकतं. त्यामुळे "साखरेचं नाव नको" हेही रस्त्यावर धोक्याचं ठरू शकतं. डॉक्टरांची भेट होईपर्यंत एकटे लांब जाऊ नका आणि खिशात ग्लुकोजची पुडी असू द्या. ग्लुकोमीटर असेल तर निघण्याआधी बघा.

निळीसायकल

आभारी आहे. याच आठवड्यात जातो.

सड्यावरचो

मगाशी चेष्टा केलंय, आता खरा सांगतंय. मी पण सायकल चलवतंय, फक्त कोणाक सांगणय नाय. माझ्या खिशात आंब्याची साटां असतत. आवशीन मे म्हयन्यात केलेली. पट्ट्यो कापूच्यो, बटर पेपरात गुंडाळूच्यो. आंबट-गोड, तोंडात धरून चढ चढूचो. हापूसपेक्षा रायवळाचा साट बरा, आंबट असता. फणसाचा नको, दातांत बसता नि मग अख्खो दिवस तेचोच विचार.

अनुस्वार

आमच्याकडे आंबापोळी म्हणतात. बाजारात घेताना बघून घ्या, काहींत आंब्यापेक्षा साखरच जास्त असते. तशी इथे साखरच हवी आहे म्हणा!

शिंपला

सड्यावरचो, साटांचं मी विसरलेच होते! माझी भर: चौथ्या तासाला मिठातली आमसुलं. दोन गालात धरायची. त्यातून ऊर्जा काही मिळत नाही, पण जीभ धुऊन निघते आणि पुढचं गोड घ्यायला तयार होते. चव संपते ती जिभेची, पोटाची नाही. हे मला फार उशिरा कळलं.

नाखवा_७२

गोळीबंद, रागावलो नाही. अंतर मोजून पाहिलं, तुमचं बरोबर आहे. आठवणीत ते सत्तरच्या खाली नव्हतं.

नातवाने आगळाचं ते चाटण करून दिलं. बरं आहे. त्यात चिमूटभर सुंठ घातली की आणखी बरं होतं.

चढणघाबरा (धागाकर्ता)

मंडळी, परवा झालं! वृत्तांत मोठा होईल, फक्त खाण्यापुरतं लिहितो.

हर्णैचा_वारा यांचं ऐकलं आणि अकरा तास धरले. लागले साडेबारा, थांबे वेगळे. पहाटे पाचला निघालो, पहिले चार तास गुळाची पोळी आणि केळी. जैतापूरपर्यंत थंडीच होती, चाटणाची बाटली फ्रिजमधून काढलेली असल्यामुळे घट्ट झाली होती आणि दाबून दाबून अंगठा दुखला. ऊन चढल्यावर आपोआप पातळ झालं. मग दर वीस-पंचवीस मिनिटांनी घोट, सड्यावरच. आगळाची चव खरंच वेगळी आहे. गोड लागायच्या आत आंबट लागतं आणि लगेच पाणी प्यावंसं वाटतं, त्यामुळे पाण्याचीही आठवण राहिली. देवगडला दुपारी एकला पोचलो तेव्हा पहिल्यांदाच ऐंशीच्या पुढे गेलो होतो आणि डोकं शाबूत होतं.

आचऱ्याच्या अलीकडे मात्र गोडाचा धसका आला. बाटली तोंडाजवळ नेली की घसा बंद. तिथे शिंपलाताईंची आमसुलं कामी आली, दोन गालात धरून पंधरा मिनिटं नुसता चालवत राहिलो. मालवणात हर्णैकरांचं स्मरण करून एका खानावळीत थोडा भात आणि सोलकढी. सुरमई समोर होती, हात लावला नाही. आयुष्यातला सर्वात मोठा संयम. चिपीच्या पुढे सोबत्याने सवयीने दुकानातली दोन जेलं घेतली, मी बाटलीच संपवली. वेंगुर्ल्याला पोचलो तेव्हा दिवे लागले होते, पण माझा विझला नव्हता.

खर्च: तीन बाटल्या चाटण मिळून सत्तर-पंचाहत्तर रुपये. गुळाच्या पोळ्या बायकोच्या, त्यांची किंमत मी फेडतो आहे.

चुकलं ते एवढंच की मीठ कमी पडलं. संध्याकाळी पोटऱ्यांत गोळे आले. पुढच्या वेळी आगळ दीड चमचा.

आगळवेगळा

अभिनंदन! आगळागणिक मीठ कमीजास्त असतं, आधी चाखून बघा. नाहीतर वेगळी चिमूट घाला.

सड्यावरचो

वेंगुर्ल्याक इलास नि माका कळवलास नाय? साटां दिलंय असतंय.

पंक्चरशास्त्री

तुम्ही राखीव म्हणून तीन विकतची जेलं घेतली होती ना? त्यांचं काय झालं?

चढणघाबरा

तशीच परत आली. फ्रिजच्या दारात ठेवली होती. काल मुलाने एक पोळीला लावून खाल्लं आणि विचारलं, "बाबा, या वेळचा जाम कुठून आणलास? मागचाच बरा होता."